जर-तरवरचा ऑनलाइन कोर्स: शिकवलंय झकास, पण क्विझ काढणाऱ्याने लेक्चर बघितलेलं दिसत नाही

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. शिकवण्याला साडेचार, क्विझला दोन, आणि सगळं मिळून साडेतीन, हिशोब काटेकोर नाहीये पण चालवून घ्या.

कोर्स कशावर आहे तर "जर असं असेल तर तसं होईल" छापाची वाक्यं ऐकल्यावर माणसं डोकं कसं चालवतात, ती खरी कधी मानतात, खोटी कधी म्हणतात, आणि लॉजिकचं पुस्तक जे सांगतं त्याच्याशी हे जुळत का नाही. ऐकायला अगदीच किरकोळ विषय वाटतो, पण मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे आणि माझा अख्खा दिवस असल्याच वाक्यांत जातो, रिक्वायरमेंटची प्रत्येक दुसरी ओळ जर-तरची, आणि त्यातल्या निम्म्या ओळींवर मीटिंगमध्ये भांडणं होतात की "असं कुठे लिहिलंय?" म्हणून घेतला. रेकॉर्डेड व्हिडिओ आहेत, आपापल्या वेगाने बघायचे, प्रत्येक भागानंतर क्विझ, शेवटी एक छोटा प्रोजेक्ट. शिकवायला दोघं आहेत, एक मॅडम फिलॉसॉफीच्या आणि एक सर सायकॉलॉजीचे. दोघंही मस्त बोलतात, कागद वाचून दाखवत नाहीत, आणि मधूनच एकमेकांना टोमणे मारतात ते तर फारच भारी.

सुरुवात पत्त्यांच्या कोड्याने होते, ज्यांनी या विषयात थोडं जरी वाचलंय त्यांना माहीत असेलच. पीटर वेसन नावाच्या ब्रिटिश सायकॉलॉजिस्टने १९६६ मध्ये मांडलेलं कोडं. टेबलावर चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा, आपल्याला दिसतायत ए, के, ४ आणि ७. नियम असा की जर एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम आकडा असतो. नियम खरा की खोटा हे तपासायला कोणकोणते पत्ते उलटवावेच लागतील? बहुतेक लोक सांगतात ए आणि ४, किंवा नुसता ए. पुस्तकी उत्तर ए आणि ७, कारण ७ च्या मागे स्वर निघाला तर नियम मेला, ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियमाला धक्का लागत नाही. या अक्षर-आकड्यांच्या रूपात बरोबर उत्तर देणारे १०० त १० सुद्धा निघत नाहीत आणि यात चांगले शिकलेसवरलेले कॉलेजचे विद्यार्थी आले. मी हे आमच्या टीमच्या ग्रुपवर टाकलं तर दुपारभर कोणी काम केलं नाही, एक जण तर संध्याकाळपर्यंत ४ उलटवायलाच पाहिजे म्हणून अडून बसला होता.

इथपर्यंत सगळेच सांगतात. या कोर्सची खासियत म्हणजे ते इथे थांबत नाहीत. पुढच्याच लेक्चरला ग्रिग्ज आणि कॉक्स यांचा १९८२ चा प्रयोग येतो, तेच कोडं पण नियम असा की जर कोणी बिअर पीत असेल तर त्याचं वय १९ च्या वर पाहिजे, आणि तुम्ही पोलीस आहात असं समजायचं. चार पत्ते: बिअर, कोक, २२ वर्षं, १६ वर्षं. आता ४० पैकी २९ जणांनी बिअर आणि १६ वर्षं हे अचूक पकडलं, आणि अक्षर-आकड्यांच्या कोड्यात मात्र त्याच गटाला एकही बरोबर उत्तर देता आलं नव्हतं. सांगाडा तोच, फरक एवढाच की इथे नियम मोडणारा शोधायचा आहे आणि तिथे नियम खरा आहे की नाही ते बघायचंय. यावर मग चेंग-होलिओक यांनी १९८५ मध्ये काय म्हटलं (डोक्यात परवानगी, बंधन अशा रोजच्या नियमांचे साचे असतात), कॉस्मिडीस यांनी १९८९ मध्ये "फसवणारा पकडण्याची" थिअरी कशी मांडली (माणसाचं डोकं फसवणारे ओळखायलाच घडलंय), त्यावरून काय रणकंदन झालं, हे सगळं आहे, मला ते जरा लांबलं असं वाटलं, दीडपट स्पीडने बघा, काही बिघडत नाही.

त्यापेक्षा इव्हान्स आणि लिंच यांच्या १९७३ च्या कामावरचं छोटं लेक्चर सोडू नका. नियमात एक "नाही" घालायचं, म्हणजे "जर एका बाजूला ए असेल तर दुसऱ्या बाजूला ७ नसतो". आता लोक काय निवडतात तर ए आणि ७, आणि या वेळी तेच बरोबर उत्तर! म्हणजे एका "नाही"मुळे सगळे अचानक हुशार झाले का, तर तसं काही नाही, लोक नियमात ज्या गोष्टींची नावं आलीयेत तेच पत्ते उचलतात, पहिल्या कोड्यात ती सवय नडली आणि दुसऱ्यात फळली. हे ऐकल्यावर मला आमच्या टेस्ट केसेस आठवल्या, रिक्वायरमेंटमध्ये जो शब्द आहे तेवढाच तपासायचा, जो शब्द नाही तो वाऱ्यावर. आमच्याकडे आलेल्या एका नवीन मुलीला मी हेच लेक्चर दाखवलं, एरवी मी जे सांगून सांगून थकले असते ते तिला एका फटक्यात कळलं.

पण या भागात एक गोष्ट खटकली. कोड्याचा निष्कर्ष "बघा, माणसं किती चुकतात" असा काढून ते पुढे गेले. सरांच्या बोलण्यात तर थोडी मजा घेण्याचा सूर आहे. आता हे बघा. समजा मला शंका आहे की "जर युजरने हे बटण दाबलं तर ॲप क्रॅश होतं". पुस्तकाप्रमाणे मी काय तपासायला पाहिजे? बटण दाबलेली सेशन्स, आणि क्रॅश न झालेली सेशन्स. पण क्रॅश न झालेली लाखोंनी आहेत हो, ती एकेक उघडून बघत बसले की यात बटण दाबलं होतं का, तर पुढचं रिलीज येऊन जाईल. मी सरळ क्रॅश रिपोर्ट उघडते आणि त्याआधी काय दाबलं होतं ते बघते, म्हणजे कोड्यातला तो "चुकीचा" ४. आणि शहाणा टेस्टर हेच करेल. ओक्सफर्ड आणि चेटर यांनी १९९४ मध्ये नेमकं हेच गणित मांडलंय, की दोन्ही गोष्टी दुर्मिळ असतील तर ७ पेक्षा ४ उलटवून जास्त माहिती मिळते, त्यामुळे लोकांची निवड वेडेपणाची नाही. एवढी मोठी गोष्ट कोर्समध्ये एका स्लाइडवर तीन ओळींत उरकलीये. एवढ्यात कसं भागणार?

दुसरा भाग अनुमानांचा. चार प्रकार असतात. "जर सर्व्हर बंद असेल तर पेज उघडत नाही" हे वाक्य घ्या. एक, सर्व्हर बंद आहे, म्हणून पेज उघडणार नाही: हे सगळ्यांना जमतं. दोन, पेज उघडतंय, म्हणून सर्व्हर बंद नाही: हेही बरोबर आहे, पण प्रयोगांत बऱ्याच जणांचं इथे अडतं. तीन, पेज उघडत नाहीये, म्हणून सर्व्हर बंद आहे. चार, सर्व्हर चालू आहे, म्हणून पेज उघडेल. शेवटची दोन लॉजिकच्या हिशोबाने चूक, कारण नेट गेलं असेल, लिंक चुकीची असेल, काहीही असेल. आणि रात्री दोन वाजता फोन करून उठवणारे मॅनेजर लोक नेहमी तिसऱ्यावरच असतात, हा अनुभव बाकीच्यांचाही असेल.

यानंतर जे लेक्चर येतं त्याच्यासाठी हा कोर्स घ्यावा असं मी म्हणेन. रूथ बर्न यांचा १९८९ चा प्रयोग. वाक्य असं: जर तिला निबंध लिहायचा असेल तर ती लायब्ररीत उशिरापर्यंत अभ्यास करेल. तिला निबंध लिहायचा आहे. मग? ९६ टक्के लोक म्हणतात, अभ्यास करेल. आता मध्ये फक्त एक वाक्य घुसवायचं: जर लायब्ररी उघडी असेल तर ती उशिरापर्यंत अभ्यास करेल. बाकी सगळं तेच. आता तोच निष्कर्ष काढणारे उरतात ३८ टक्के. लॉजिकच्या पुस्तकात हे बसतच नाही, तिथे एकदा निष्कर्ष निघाला की वरून कितीही माहिती ओता, तो मागे घेता येत नाही. पण माणूस मागे घेतो, आणि बरोबर करतो. आमच्या कामात रोज हेच, "जर पासवर्ड बरोबर असेल तर लॉगिन होतं", ठीक, आणि मग कोणीतरी म्हणतं "जर अकाउंट लॉक नसेल तर लॉगिन होतं", झालं, पहिल्या वाक्यावरचा भरवसा तिथल्या तिथे कमी होतो. पहिलं वाक्य कोणी खोटं म्हटलेलं नाही, पण त्यात एक न लिहिलेली अट दडलेली होती हे आता दिसलं. कमिन्स आणि मंडळींनी १९९१ मध्ये याचीच दुसरी बाजू दाखवली, की एखाद्या कारण-परिणामाच्या वाक्यात अडथळे जितके जास्त सुचतात तितके लोक सरळ निष्कर्ष काढायला कचरतात, आणि दुसरी कारणं जितकी जास्त सुचतात तितके ते तिसऱ्या-चौथ्या चुकीतून वाचतात. म्हणजे चूक-बरोबर हा नुसता वाक्याच्या सांगाड्याचा प्रश्न नाही, त्या विषयाबद्दल डोक्यात काय काय साठलंय त्याचा पण आहे.

आपल्याकडच्या न्यायशास्त्राची (कायद्याचं नव्हे, जुनं भारतीय तर्कशास्त्र) आठवण इथे येणारच. जिथे धूर तिथे अग्नी, हे चालतं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे चालत नाही, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धुराचा पत्ता नाही. मग धूर कधी येतो तर सरपण ओलं असेल तेव्हा, आणि या लपलेल्या अटीला नैयायिकांनी नाव दिलंय, उपाधी. बर्न यांची लायब्ररी उघडी असणं म्हणजे अगदी हेच ओलं सरपण. कोर्समध्ये ग्रीकांना अख्खं लेक्चर आहे, फिलो आणि त्याचा गुरू डायोडोरस यांचं भांडण, आणि कॅलिमॅकस कवीने म्हटलं होतं की आता छपरावरचे कावळेसुद्धा कुठलं जर-तर खरं यावर काव काव करायला लागलेत, हा किस्सा मला जाम आवडला. पण नैयायिकांचा उल्लेख शून्य. रुसवा नाही, पण इतकं आयतं उदाहरण सोडलं याचं आश्चर्य वाटलं.

आता क्विझ. माझी खरी तक्रार इथेच आहे.

बर्नच्या लेक्चरनंतर लगेच जी क्विझ येते तिच्यात लायब्ररीसारखाच एक प्रश्न आहे, फक्त माणसं बदललेली. पर्याय: निष्कर्ष निघतो, निघत नाही, सांगता येत नाही. तुम्ही नुकतंच २० मिनिटं ऐकलंय की "सांगता येत नाही" म्हणणं किती शहाणपणाचं आहे, सर स्वतः हात नाचवून सांगत होते. आणि ते टिक केलं की लाल फुली! खाली एका ओळीचं स्पष्टीकरण, "वैध अनुमान आहे, निष्कर्ष निघतोच." अहो मग लेक्चर कशाला दिलंत. एवढंच असतं तर सोडून दिलं असतं, पण पुढच्या भागात तर याचा कळस आहे.

तिसरा भाग: जर-तरचं वाक्य खरं कधी? फिलोने सांगितलं आणि आजही कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला हेच शिकवतात, की "जर" खरं आणि "तर" खोटं असेल तेव्हाच वाक्य खोटं, बाकी तिन्ही वेळा खरं. म्हणजे "जर ७ सम संख्या असेल तर पृथ्वी सपाट आहे" हे वाक्य खरं, कारण ७ सम नाहीच. हे ज्याला कुणाला पहिल्यांदा सांगाल तो तुमच्याकडे बघतच राहील. मॅडमनी हे फार प्रामाणिकपणे मांडलंय, की हे टेबल (खरं-खोटंचा हा चार ओळींचा तक्ता) गणितासाठी सोयीचं आहे, त्याचे फायदे काय, आणि साधी माणसं असं का करत नाहीत. वेसनने १९६६ मध्येच म्हटलं होतं आणि नंतर जॉन्सन-लेअर्ड आणि टॅगर्ट यांनी १९६९ मध्ये तपासलं, की "जर" खोटं निघालं की लोक वाक्याला खरंही म्हणत नाहीत आणि खोटंही म्हणत नाहीत, ते म्हणतात "याचा इथे संबंधच नाही". बरोबर आहे की. मी म्हटलं "जर पाऊस पडला तर मॅच रद्द होईल" आणि पाऊस पडलाच नाही, तर माझं वाक्य खरं ठरलं म्हणून मी पार्टी मागणार का?

मग फ्रँक रॅम्झी हा ब्रिटिश फिलॉसॉफर येतो. १९२९ सालची एक तळटीप, तळटीप बरं का, आख्खा लेख पण नाही. त्यात त्याने म्हटलंय की दोन माणसं "जर क तर ख होईल का" यावर वाद घालतात तेव्हा ती दोघं क ही गोष्ट तात्पुरती आपल्या माहितीत जमा करतात आणि मग ख बद्दल वाद घालतात. बस्स. पुढच्याच वर्षी १९३० मध्ये तो वारला, वय २६. आणि या एवढ्याशा टिपेवर गेली कित्येक दशकं पेपरवर पेपर निघतायत. अर्नेस्ट ॲडम्सने १९६५ मध्ये त्याला संभाव्यतेचं रूप दिलं, की "जर क तर ख" यावर आपला जितका विश्वास असतो तो म्हणजे क धरून चालल्यावर ख ची शक्यता जितकी, तितका.

मॅडमनी यासाठी जे उदाहरण घेतलंय त्याच धर्तीवर मी माझं एक देते, आकडे माझे. १०० पत्ते, १० पिवळे आणि ९० लाल. पिवळ्यांपैकी २ वर गोल आणि ८ वर चौकोन. एक पत्ता न बघता ओढायचा. "जर पत्ता पिवळा असेल तर त्यावर गोल असेल" हे वाक्य खरं असण्याची शक्यता किती? टेबलवाले म्हणणार ९२ टक्के, कारण पिवळा-चौकोन हे ८ पत्ते सोडले तर बाकी सगळीकडे वाक्य खरंच. कुठला शहाणा माणूस ९२ म्हणेल हो? आपण पिवळ्यांकडे बघतो, १० पैकी २, म्हणजे २० टक्के. २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी, एकीकडे इव्हान्स, हँडली आणि ओव्हर, दुसरीकडे ओबरावर आणि विल्हेल्म, अशाच प्रकारचे प्रयोग केले आणि टेबलवालं उत्तर देणारं जवळपास कोणी सापडलं नाही. बरेच जण २० च्या बाजूचे, आणि एक बऱ्यापैकी मोठा गट असा की जो पिवळा आणि गोल दोन्ही एकत्र मोजतो, म्हणजे १०० पैकी २. हा दुसरा गट का होतो यावर सरांनी छान सांगितलंय, की डोक्यात पहिलं चित्र उभं राहतं ते पिवळ्या-गोलचं आणि काही जण तिथेच थांबतात, लाल पत्ते बाजूला काढून टाकायचे ही पायरी राहून जाते.

इतकं सगळं शिकवून झालं. आणि क्विझचा प्रश्न काय? "जर ७ सम असेल तर" छापाची पाच वाक्यं आणि पुढे खरं / खोटं. "लागू नाही" हा पर्याय सुद्धा दिलेला आहे! तो टिक केला की फुली. म्हणजे लेक्चरमध्ये म्हणायचं की माणसं जे म्हणतात त्याला अर्थ आहे आणि खाली क्विझमध्ये तेच म्हणणाऱ्याचे मार्क कापायचे. लॉजिकच्या टेबलाप्रमाणे उत्तर हवं असेल तर प्रश्नात तसं लिहा ना, "टेबलाप्रमाणे सांगा", दोन शब्दांचं काम आहे. मला वाटतं क्विझ कोणी तिसऱ्यानेच काढलीये, एखाद्या जुन्या लॉजिकच्या प्रश्नसंचातून उचलून, आणि या दोघांनी ती नंतर उघडून बघितलेली नाही. सासू एक सांगते आणि सून दुसरंच वाढते अशी गत.

डेव्हिड लुईस या फिलॉसॉफरच्या १९७६ च्या सिद्धतेवरचं लेक्चर मात्र फारच पळवलंय. ॲडम्सची कल्पना इतकी सरळ वाटते, पण लुईसने दाखवलं की जर-तरचं वाक्य हे इतर वाक्यांसारखंच खरं-खोटं असणारं विधान मानलं आणि त्याची शक्यता नेहमी त्या सशर्त शक्यतेइतकी (म्हणजे क धरून ख ची जितकी, तितकी) असते असं धरलं, तर सगळं गणित कोसळतं, फक्त अगदीच बाळबोध उदाहरणं शिल्लक राहतात. म्हणजे लोक ज्या पद्धतीने वाक्य तोलतात ते बरोबर धरलं तर वाक्य हे विधानच आहे की नाही इथपर्यंत प्रश्न जातो. एवढा मोठा बॉम्ब टाकून मॅडम म्हणतात "याच्या खोलात जायला नको". अहो जायला पाहिजे होतं! कॉस्मिडीसवरच्या त्या लांबलचक भागातला वेळ इकडे दिला असता तर चाललं असतं.

संबंध असण्या-नसण्यावरचं लेक्चर पण छोटं आहे पण नेमकं आहे. "जर आज मंगळवार असेल तर २ आणि २ चार होतात" यात सशर्त शक्यता पूर्ण १०० टक्के, तरी वाक्य ऐकून माणूस म्हणतो काहीतरी चुकतंय. स्कोवगार्ड-ओल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की पहिल्या भागाने दुसऱ्याची शक्यता वाढत असेल तेव्हा ॲडम्सचं गणित लोकांना छान लागू पडतं, आणि दोघांचा काही संबंधच नसेल तेव्हा ते गणित बिघडतं. म्हणजे रॅम्झीवर गोष्ट संपत नाही. इथे कोर्सने हातचं काही न राखता "हे अजून ठरलेलं नाही" असं सांगितलं, ते आवडलं.

"असतं तर" प्रकारातल्या वाक्यांसाठी एक भाग आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर, या वर्गातली. ॲडम्सचं १९७० चं प्रसिद्ध उदाहरण: "ओस्वाल्डने केनेडींना मारलं नसेल तर दुसऱ्या कोणीतरी मारलं" हे कोणीही मान्य करेल, गोळी तर लागलीच आहे. पण "ओस्वाल्डने केनेडींना मारलं नसतं तर दुसऱ्या कोणीतरी मारलं असतं" असं म्हणायला कटाची थिअरी मानावी लागते. मग स्टॉलनेकर १९६८, लुईस १९७३, आपल्या जगाच्या सगळ्यात जवळचं जग वगैरे, म्हणजे जिथे "जर" खरं आहे आणि बाकी सगळं शक्य तितकं आपल्यासारखंच, असं जग कल्पून तिथे "तर" खरं आहे का बघायचं. चांगलं आहे, ठीकठाक आहे, बग कशामुळे आला हे शोधताना मी रोज हेच करते त्यामुळे मला नवीन फार काही मिळालं नाही.

आणि मग आश्वासनं आणि धमक्या. गाइस आणि झ्विकी यांनी १९७१ मध्ये दाखवलेली गोष्ट, की "लॉन कापलंस तर पाच डॉलर देईन" असं म्हटलं की ऐकणारा आपोआप धरतो की नाही कापलं तर नाही मिळणार, जरी तसं कोणी म्हटलेलं नाही. "असतील शिते तर जमतील भुते" ऐकून आपण शिते संपल्यावर भुते पांगणार हे गृहीत धरतोच ना, तसंच. लॉजिकमध्ये ही चौथ्या नंबरची चूक, बोलण्यात मात्र सगळे असंच समजतात आणि बोलणाऱ्याला पण तेच हवं असतं.

हे बघून झाल्यावर माझी नजर कोर्सच्याच नियमावर गेली: "जर तुम्ही सर्व क्विझमध्ये पास झालात तर तुम्हाला सर्टिफिकेट मिळेल." मी सपोर्टला मेल टाकला की समजा एका क्विझमध्ये पास झालं नाही तर? उत्तर आलं, "मॅडम, अर्थातच मिळणार नाही." मी परत लिहिलं की तुमच्या क्विझमध्ये असं अनुमान काढलं की लाल फुली मिळते. त्यावर जे उत्तर आलं ते कॉपी-पेस्ट होतं, "आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे". बिचाऱ्या सपोर्टवाल्याची काही चूक नाही म्हणा, तो माणसासारखा बोलला, क्विझ बोलत नाही.

शेवटचा भाग सवयी लावण्यावर, "जर अमुक वेळ झाली तर मी तमुक करेन" अशा योजना. पीटर गॉलविट्झर, १९९९, आणि नंतर २००६ मध्ये शीरनसोबत ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा, ज्यात परिणाम मध्यम ते मोठा निघाला. गोष्ट खरी आहे आणि कामाची पण आहे, पण बाकीच्या कोर्सशी तिचं नातं एवढंच की वाक्यात जर आणि तर येतं. जाहिरातीत टाकायला बरं म्हणून जोडलाय असा माझा संशय.

जाहिरातीवरून आठवलं. कोर्सच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की "तर्कशक्ती वाढवा". आता चेंग, होलिओक, निस्बेट आणि ऑलिव्हर यांनी १९८६ मध्ये तपासलं होतं, कॉलेजात लॉजिकचा पूर्ण एका सत्राचा कोर्स केलेल्या मुलांचा पत्त्यांच्या कोड्यातला निकाल जेमतेम ३ टक्क्यांनी सुधारला, म्हणजे काहीच नाही. बंधनाच्या, म्हणजे "अमुक झालं तर तमुक करावंच लागतं" या रोजच्या व्यवहारातल्या साच्यावर शिकवलं तेव्हा जास्त फरक पडला. आणि ॲट्रिज आणि इंग्लिस यांनी २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या ए-लेव्हलच्या (आपल्या अकरावी-बारावीसारखं) मुलांवर बघितलं की एक वर्ष गणित शिकून मुलं बदलली खरी, पण टेबलाच्या दिशेने नाही, तर "जर खोटं असेल तर संबंध नाही" या समजुतीच्या दिशेने. म्हणजे गणित शिकून पण माणूस त्याच उत्तराकडे जातो ज्याला ही क्विझ फुली मारते! हे दोन्ही अभ्यास कोर्समध्ये नाहीत. १९८६ चा का नाही ते समजू शकते, स्वतःच्या धंद्यावर कोण दगड मारेल.

मग घ्यावा का? टेस्टिंग, बिझनेस ॲनालिसिस, करार-बिरार लिहिणारे, कायद्याचे विद्यार्थी, शिक्षक, यांनी जरूर घ्या, बर्न आणि रॅम्झी हे दोन भाग आधी बघा आणि मग पत्त्यांकडे या, क्रम उलटा केला तर "माणसं मठ्ठ" हा सूर डोक्यात बसत नाही. स्पर्धा परीक्षेच्या रीझनिंगसाठी घेत असाल तर मात्र लेक्चर सोडून फक्त क्विझ सोडवा, तिथे टेबलच चालतं आणि ही क्विझ त्यासाठी उत्तम आहे, हे मी खोचकपणे म्हणत नाहीये. ज्यांना नुसतं सर्टिफिकेट हवंय त्यांनी प्रत्येक प्रश्नाला "फिलो काय म्हणेल" हे मनात विचारायचं, पास होता येतं.

बारीकसारीक: आवाज स्वच्छ आहे, सबटायटल्स मशीनने केलेली असावीत, "वेसन"चं प्रत्येक ठिकाणी काहीतरी वेगळंच झालंय. फोनवर पत्त्यांचं कोडं नीट दिसत नाही, चौथा पत्ता स्क्रीनच्या बाहेर जातो, आणि तो चौथा पत्ता ७ आहे, त्यामुळे फोनवाल्यांचे मार्क का कमी येतात हे कोणी बघितलं तर बरं होईल. प्रोजेक्टमध्ये आपल्या कामातली जर-तरची वाक्यं गोळा करून त्यातल्या न लिहिलेल्या अटी शोधायच्या असतात, माझ्यासाठी सगळ्यात उपयोगी हेच ठरलं, ती यादी आता आमच्या टीमच्या विकीवर आहे आणि मीटिंगमधली भांडणं कमी नाही झाली, पण कशावरून चाललीयेत ते तरी कळतं.

कोर्सवाल्यांपैकी कोणी वाचत असेल तर, क्विझमधले ते प्रश्न दुरुस्त केलेत तर मी रेटिंग साडेचार करेन. नाही केलेत तर काय करेन ते मी इथे काहीच म्हटलेलं नाहीये, नीट वाचा.